चार हातांची उचल

दुकानात मोबाइल दुरुस्तीला आलेला नवा माणूस आधी माझ्या चाकाच्या खुर्चीकडे बघतो, मग छताकडे, मग काउंटरवर टांगलेल्या चार्जरांकडे, आणि शेवटी न राहवून विचारतोच, ॲक्सिडेंट झाला का भाऊ. मी सांगतो, मचाणावरून पडलो. मग त्याचा चेहरा उतरतो, कारण त्याच्याही शेतात मचाण असतं. आमच्या अर्जुनी मोरगावकडे जंगलाला लागून ज्याचं धानाचं शेत आहे त्याच्याकडे एक तर मचाण असतं, नाहीतर झोपडी. दोन्ही नसेल तर धान घरी येत नाही. तो लगेच पुढचा प्रश्न विचारतो, मग मचाण बांधू नये का? त्याचं उत्तर देता देता माझ्या हातातलं काम थंड होतं आणि गिऱ्हाइकाचा चहाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकायला बसलो आहे.

एक आधीच सांगतो. माझ्या आजारपणात पडणं ही सगळ्यात लहान गोष्ट होती. पडायला किती वेळ लागतो? खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली, आणि तिची हळहळ अजून गेलेली नाही.

वर की खाली

आमच्या बांधावर मोहाचं जुनं झाड आहे. त्यावर मचाण कधीपासून आहे ते कोणालाच माहीत नाही. आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी बाहेरगावचे बंदूकवाले साहेब चितळाच्या शिकारीला येत, तिथे चढून बसत, आणि आमच्या लोकांना ओरडत जंगलातून जनावर हाकून आणायला लावत. शिकार कायद्याने कधीच बंद झाली. साहेब गेले, चितळं राहिली, आणि मचाण आमच्या वाट्याला आलं. दर दोन-तीन पावसाळ्यांनी आम्ही त्याचे बांबू बदलायचो आणि धान लोंबीवर आलं की त्यावर बसून जागल करायचो. जागल म्हणजे पिकाची राखण.

वर बसावं की खाली, यावर माझं आणि दादाचं आयुष्यभर भांडण चालत आलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी वरचा, तो खालचा. माझं म्हणणं असं की वरून सगळं शेत एका नजरेत दिसतं. रानडुक्कर चवताळलं तरी पोचत नाही. अस्वलाला झाडावर चढता येतं हे खरं, पण धानाच्या दिवसांत मोहाला फुलं नसतात, त्याला चढायचं काही कारण नसतं. वाऱ्यामुळे डास कमी. आणि मुख्य म्हणजे साप. शेजारच्या बांधावरचा आमचा एक सोबती झोपडीत जमिनीवर झोपला होता, त्याला मण्यार चावली आणि तो उठलाच नाही. त्यानंतर मला कोणी खाली झोपायला सांगितलं तर मी त्याच्याकडे वेड्यासारखा बघायचो.

दादाचं म्हणणं वेगळं. खाली शेकोटी करता येते, कुत्रा जवळ राहतो, आणि झोप आली तर माणूस फक्त कलंडतो, पडत नाही. सापासाठी बाज आहे की. झोपडीत त्याने एक बाज टाकली होती, सुंभाने घट्ट विणलेली. पण त्याचा खरा मुद्दा निराळाच होता, आणि तो बिनतोड होता. शिकाऱ्याला उंची हवी असते ती जनावराला माणसाचा वास लागू नये म्हणून. राखणदाराला नेमकं उलटं हवं असतं. चितळाला वास लागावा आणि त्याने यायचंच नाही.

"तू वर बसतो न, चितळाईले वाटते शेत मोकळंच आहे," तो म्हणायचा. "मंग येतात, खातात, अन् तू वरून डबा वाजवतो."

मला हे पटायचं, पण कबूल करायची सोय नव्हती. धाकट्या भावाने काहीतरी राखून ठेवावं लागतं. म्हणून मी वर बसत राहिलो आणि तो खाली. वरून मी हाक द्यायचो, खालून तो द्यायचा. त्या भांडणात आम्ही दोघंही सुखात होतो, हे आता कळतं.

ती सकाळ

दिवाळी होऊन गेली होती. धान कापणीला आलं होतं आणि पहाटे दव इतकं पडायचं की झाडाखाली उभं राहिलं तर अंगावर ठिबकायचं. उजाडल्यावर मी उतरायला लागलो. एका हातात घोंगडी आणि वाजवायचा पत्र्याचा डबा, दुसऱ्या हाताने शिडी धरलेली. ओल्या बांबूवरून पाय सटकला. डबा सोडला असता तर दुसरा हात मोकळा झाला असता. पण माणूस पडताना हातातली वस्तू सोडत नाही, उलट घट्ट धरतो, हे मला तेव्हा समजलं.

बांधाच्या उंचवट्यावर कंबर आपटली. श्वास परत यायला वेळ लागला. डाव्या पायातली चप्पल उडाली होती आणि पावलाला ओलं गवत लागत होतं. थंड. मी पाय हलवून पाहिला. गवत हललं. मला एवढं बरं वाटलं की मी हसलो असेन, आणि पाय हलवतच राहिलो.

दादा झोपडीतून धावत आला. बांधावरून माझी बायको शीला चहाची किटली घेऊन येत होती, ती किटली टाकून पळत आली. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं. झोपडीत बाज होती. दोघांनी मला सरळ उचलून बाजेवर ठेवायचं, आणि एकाने बाजेजवळ थांबून दुसऱ्याने रस्त्यावरून चार माणसं आणायची, एवढंच काम होतं.

ते का झालं नाही, हे आमच्याकडच्या लोकांना सांगावं लागणार नाही. इतरांसाठी सांगतो. आमच्यात नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि धाकट्या भावाची बायको म्हणजे भावसून. भासऱ्याने भावसुनेला हात लावायचा नसतो, तिने त्याच्यासमोर बाजेवर बसायचं नसतं, वस्तूही हातात द्यायची नसते, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. आमच्या लग्नाला पंधराएक वर्षं झाली होती. तेवढ्या काळात दादाला चहा हवा असला तर तो भिंतीकडे बघून म्हणायचा, चहा झाला असन तं पाठवा. आणि शीला चुलीकडे बघून म्हणायची, झाला. एकदा घरात दुसरं कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी मांजराला मध्ये घेऊन बोलणं केलं होतं. मी त्यावरून दोघांना चिडवायचो.

आम्ही बौद्ध माणसं. आजोबांच्या पिढीने देव सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं. हे मात्र सुटलं नाही. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे टाकून द्यायच्या सामानात ते कोणाच्या नजरेलाच पडलं नसावं.

तर शीला माझ्या एका बाजूला बसली आणि तिने पाठीखाली हात सारला. दुसऱ्या बाजूने दादा वाकला. माझ्या पाठीखाली त्यांचे हात एकमेकांना लागणार होते. दादा थांबला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू बाजूले हो, बाई. मी नेतो याले."

ती पदर ओढून बाजूला झाली. दादाने माझे हात ओढून आपल्या खांद्यावर घेतले, मला पाठुंगळी घेतलं आणि उभा राहिला. माझ्या कमरेत काहीतरी सरकलं. आवाज आला नाही, किंवा मी ओरडलो म्हणून ऐकू आला नसेल. तसाच तो मला घेऊन बांधावरून रस्त्यापर्यंत धावला, धापा टाकत, मले काई नाई होत, मले काई नाई होत, असं माझ्याऐवजी स्वतःच म्हणत. वाटेत बोरीच्या झुडपाने माझी पावलं ओरबाडली. त्यातून रक्त येत होतं हे मला शीलाने गाडीत सांगितलं. मला ते समजलंच नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला तो दिवस

गोंदियाला फोटो काढले आणि तिथून नागपूरला पाठवलं. नागपूरच्या दवाखान्यात त्यांनी मला एका नळकांड्यात घालून मोठा खडखडाट ऐकवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तरुण होते, दमलेले होते, पण बसून बोलले. मणका तुटून नसांवर दाबला गेला आहे, ऑपरेशन करून मणका बसवू, पायांचं आज काही सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "गिरने के बाद उठाया किसने? कैसे लाए?"

दादा पायथ्याशी उभा होता. तो म्हणाला, मी, पाठीवर. सांगताना त्याची मान थोडी ताठ होती, कारण तोपर्यंत सगळे त्याला शाबासकी देत आले होते. रस्त्यावर गाडीवाल्याने दिली होती, गोंदियाला पाहुण्यांनी दिली होती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. रागावले नाहीत. पडलेल्या माणसाला असं वाकवून उचलायचं नसतं, सरळ फळीवर घ्यायचं असतं, दोघा-चौघांनी मिळून, एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, पडल्यावर पाय हलत होते का?

मी दादाकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. मला ओलं गवत आठवलं.

आठवत नाही, असं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले की तसंही ठामपणे काही म्हणता येणार नाही, जे झालं ते पडतानाच झालेलं असू शकतं. पण दादाने त्यातलं ठामपणे काही म्हणता येणार नाही एवढंच ऐकलं असावं. मी खोटं बोललो याची मला खंत नाही. खंत याची आहे की ते खोटं वाया गेलं. त्या दिवसानंतर दादाने मला हात लावला नाही.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशन झालं. मणका बसला, पाय आले नाहीत.

वॉर्डाचं सांगायचं तर तिथे माणसाची लाज पहिल्या आठवड्यात मरते, आणि ते एका परीने बरं असतं. लघवीची नळी, पिशवी, कूस बदलणं, पुसून घेणं. सकाळी लवकर दिवे लागायचे, मग चहा, मग झाडू, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, त्या वेळी सगळ्या नातेवाइकांना बाहेर हाकलायचे. शीला माझ्या पलंगाखाली चटईवर झोपायची. मी जागा असलो की वरून पलंगाच्या पट्टीवर बोट वाजवायचो आणि ती खालून वाजवायची. मचाणावरच्या हाकेसारखंच ते झालं होतं.

मी चांगला रुग्ण नव्हतो. ज्यांना असं लिहिलेलं वाचून धीर हवा असतो त्यांना वाटतं की लिहिणारा सगळं हसत सोसत गेला. मी शीलावर ओरडलो. मोसंबी सोलून दिली तर भिंतीवर फेकली. मला मरायचं आहे असं म्हणालो, आणि ते खरंच म्हणालो. भीती पायांची नव्हती. भीती ही होती की मी आता एक वजन झालो, जे कोणीतरी कायम उचलायचं. एक सफाईवाल्या मावशी होत्या, त्यांनी एका दुपारी काही न विचारता माझं डोकं शाम्पूने धुऊन दिलं. बादली आणली, मान पलंगाच्या कडेवर घेतली, आणि चोळून चोळून धुतलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो. त्यांना वाटलं साबण डोळ्यांत गेला.

सुटी होण्याआधी व्यायामाच्या मॅडमनी घरच्यांना उचल शिकवली. पेशंटला कधी ओढायचं नाही, घासायचं नाही. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, एक हात पाठीखाली, एक मांड्यांखाली, आणि खाली एकमेकांची मनगटं पकडायची. बोटं नाही, मनगटं, म्हणजे सुटत नाहीत. मग एका दमात वर. मॅडमनी शीलाला एका बाजूला उभं केलं आणि दादाला हाक मारली, भैया, आप इधर आइए. दादा म्हणाला की तो औषध घेऊन येतो. औषध आदल्या दिवशीच आणलेलं होतं. मॅडमनी माझ्याकडे बघून ओठ मुडपले. त्यांना तो कामचुकार वाटला असावा. मला वाटलं, भासरेपणा. शेवटी माझी वहिनी, म्हणजे दादाची बायको, पुढे आली आणि ती आणि शीला उचल शिकल्या.

घर

घरी आलो तेव्हा दारात सिमेंटचा उतार तयार होता. पलंगावर धरायला दांडा होता. खिडकी रुंद केली होती, म्हणजे पडल्या पडल्या शेत दिसावं. हे सगळं दादाने केलं होतं. माझ्या वाट्याचं धान त्यानेच कापलं, चुरलं, घरी आणून टाकलं. फक्त माझ्या खोलीचा उंबरा तो ओलांडत नव्हता. दारात उभा राहायचा, चौकशी करायचा, निघून जायचा. शीला आत असली की दारातही नाही. मचाण त्याने मोडलं नव्हतं. पण खिडकीतून दिसायचं की तो आता झोपडीतही बसत नाही, बांधावर नुसता फिरत राहतो.

वहिनी होती तोवर निभलं. मग तिच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि वहिनी कामठ्याला, लेकीच्या सासरी, जाऊन राहिली. शीला एकटी पडली. शेजारचे बाप्ये यायचे, पण उन्हाळी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू झाल्यावर कोणाला दिवसातून इतक्यांदा बोलावणार? तिने चादरीला धरून मला सरकवायला सुरुवात केली. माझ्याहून ती लहानखुरी, दम लागायचा, तरी ओढायची. मला खाली काही समजत नाही, त्यामुळे मी म्हणायचो, ओढ, काही होत नाही.

माकडहाडावर जखम झाली. आधी लाल डाग, मग साल निघाली, मग खड्डा. ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंनी शीलाला बाहेर नेलं, पण दार उघडंच राहिलं. मला ऐकू आलं. ओढणं आजपासून बंद. उचलूनच हलवा, नाहीतर ही हाडापर्यंत जाईल, आणि मग पाय राहिले बाजूला, माणूस जाईल. दुसरं माणूस घरात कोणीच नाही का, असं त्यांनी विचारलं. दुसरं माणूस त्या वेळी अंगणात पाण्याचा पाइप गुंडाळत होतं.

दारातला माणूस

नर्सबाई गेल्या. मला खुर्चीत बसवायची वेळ झाली होती. दादा दारात आला आणि कडीला हात लावून उभा राहिला. त्यानेही ऐकलं होतं. मी तरीही त्याला उचलायला ये म्हटलं नाही. मला त्यानेच आत यावं असं वाटत होतं. तो उभा राहिला आणि मग जायला वळला.

तेव्हा माझा तोल गेला. मी फार वाईट बोललो. म्हणालो, "दादा, काऊन दारातूनच पाहून जातो? मी सडून मेलो तरी चालन तुले, पन भावसुनेच्या हाताले हात नाई लागला पाहिजे. त्या दिवशीही हेच केलं न तू."

शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. ते इतके महिने मी दातांखाली धरून ठेवलं होतं.

दादा परत वळला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याने आपले दोन्ही हात थोडे वर करून पाहिले, शेणाने भरले आहेत की काय असे.

"लाज नाई रे ते," तो म्हणाला. "मले भेव लागते. मी हात लावला अन् आनखी काई झालं तं?"

महिनोन्महिने मी ज्याला भासरेपणा समजून चिडत होतो ते भय होतं. पहिल्या दिवशी रीत आडवी आली होती, हे खरंच. त्यानंतर मात्र रीत नव्हती, नुसतं भय होतं, आणि त्या भयाला घालायला रीतीचा सदरा आयता मिळाला होता. मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही.

शीला मोरीजवळ उभी होती. ती आत आली. डोक्यावरचा पदर तिने काढून कमरेला खोचला, तसा तिने दादासमोर कधी खोचला नव्हता, आणि पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मग त्याच्या तोंडाकडे बघून, मध्ये भिंत नाही, मांजर नाही, ती म्हणाली, "इकडं या. माह्या मनगटाले धरा. मी सांगतो तसं करा, काई होत नाई."

दादाने उंबरा ओलांडला. हात पाठीखाली घातले. त्याचे हात पाइपच्या पाण्याने गार होते, ते मला पाठीला जाणवत होतं, कारण तिथपर्यंत माझं अंग अजून माझं आहे. मग खाली त्यांची मनगटं सापडेनात. शीलाच्या बांगड्या खणखणल्या. तिने म्हटलं, अजून आत या. आणि तिने पकडलं.

मी वर गेलो. एवढं सोपं होतं. कुठे झटका नाही, कुठे वाकणं नाही, मी सरळच्या सरळ वर उचललो गेलो आणि खुर्चीत उतरलो. दादाला धापही लागली नाही. त्याने अजून तिची मनगटं सोडली नव्हती. मग लक्षात येऊन सोडली आणि तो पलंगाच्या कडेवर बसला, तिच्यासमोर, जिथे आजवर कधी बसला नव्हता.

"इतकंच होतं," तो म्हणाला.

तो पुन्हा म्हणाला, "इतकंच तं होतं. बाज होती, हे बाई होती, मी होतो." मग माझ्याकडे न बघता, "त्या सकाळी तुहा पाय हलत होता. डावा. मले दिसला होता."

डॉक्टरांसमोर मी ज्याच्यासाठी खोटं बोललो त्याला ते पहिल्यापासून माहीत होतं. तो पायथ्याशी उभा राहून माझं खोटं ऐकत होता आणि ते खोटं आहे हे जाणून होता. मी शीलाकडे पाहिलं, निदान तिला तरी हे आज पहिल्यांदा कळतंय म्हणून.

"मले पन दिसला होता," शीला म्हणाली. "तुमी म्हटलं बाजूले हो, अन् मी झाली."

विचारणाऱ्यांना उत्तर

जखम भरली. चार हातांनी भरली, औषधाने कमी. पाय जिथे होते तिथेच आहेत. दुकान दादाने रस्त्याला लागून घालून दिलं, बसून करायचं काम आहे, बरं चाललं आहे.

मचाण बांधावं का? बांधा. साप आहे, डुक्कर आहे, शेत राखायचं तर उंचीचा फायदा आहेच. फक्त चितळाला तुमचा वास लागणार नाही, आवाज तुम्हालाच करावा लागेल, एवढं दादाचं खरं होतं आणि ते मी आता कबूल करतो. उतरताना हात रिकामे ठेवा. डबा, घोंगडी, टॉर्च, सगळं आधी दोरीने खाली सोडा. कमरेला दोर बांधा, कोणी हसलं तर हसू द्या. झाडाखाली माणसाच्या लांबीची एक फळी ठेवा. आमच्या मोहाखाली आता दादाने ठेवली आहे. आणि कोणी पडलाच तर त्याला उठवू नका, बसवू नका, पाठीवर घेऊ नका. घरात कोण कोणाला हात लावत नाही, ते मात्र आजच एकमेकांना विचारून घ्या, कारण पडलेल्या माणसाजवळ जे पोचतात ते नेमके तेच असतात.

वहिनी परत आली, तरी आता सकाळची उचल दादा आणि शीलाच करतात. चहा तो अजून भिंतीलाच मागतो, तेवढी सवय गेलेली नाही. मनगटं धरण्याआधी दादा दर वेळी माझ्या डाव्या पावलाकडे बघतो. मीही बघतो. थोडा वेळ आम्ही दोघं तिकडेच बघत राहतो, आणि मग शीला म्हणते, धरा.